तेराच्या रात्रीची सभा

प्रतिमापूजन, त्रिशरण-पंचशील, पाहुण्यांचं स्वागत, अहवालवाचन. आमच्या मंडळाच्या सभेत एवढं दरवर्षी होतं आणि तसंच्या तसं होतं, त्यामुळे त्याबद्दल फार लिहीत नाही. प्रास्ताविक करणारे सर पाच मिनिटं मागून पंचवीस मिनिटं घेतात, तेही आता ठरल्यासारखंच आहे. खरी सभा त्यानंतर सुरू होते, आणि ज्यांनी ती ऐकलीय ते पुढच्या वर्षी कुठूनही येतात.

औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) नागसेनवनातल्या वसतिगृहांत राहून शिकलेल्या आणि पुढे विद्यापीठात गेलेल्या आमच्यासारख्यांचं हे मंडळ. 14 जानेवारी 1994 ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. त्यानंतर त्या दिवशी विद्यापीठ गेटला वंदन करायला माणसं येऊ लागली, ती वर्षागणिक वाढतच गेली. हिंगोली, परभणी, नांदेड, बुलढाणा, अकोला, पार नागपूरहून. गेटच्या दोन्ही बाजूंना पक्षांचे मंच, पुस्तकांचे स्टॉल, निळे झेंडे, भीमगीतांचे लाऊडस्पीकर. त्या गर्दीत नीट बोलणं-ऐकणं होणं शक्यच नाही. म्हणून आम्ही आदल्या रात्रीची, 13 जानेवारीची सभा धरली. लांबच्या गावची मंडळी आदल्या संध्याकाळीच येऊन पडलेली असतात. थंडी असते. त्यांच्या जेवणाची सोय आणि बोलण्याची सोय एकाच मांडवात करायची, एवढाच सुरुवातीचा विचार होता.

वाद घालण्याची सवय आम्हाला या परिसरानंच लावली. 1950 साली बाबासाहेबांनी इथं कॉलेज काढलं, 1 सप्टेंबर 1951 ला राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसादांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. तेव्हा मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठही नव्हतं. ते आलं 1958 साली. त्याआधी आमच्याकडची पोरं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या परीक्षा देत. प्राचार्य म. भि. चिटणीसांच्या काळापासून वसतिगृहाच्या ओट्यावर रात्र रात्र वाद चालत, असं जुने लोक सांगत. आमच्या वेळेलाही ते चालत. मेस बंद झाली तरी वाद बंद होत नसे.

सभेतला वाद दरवर्षी वेगळ्या विषयाने सुरू होतो आणि फिरून एकाच ठिकाणी येतो: आपल्याला मिळालं ते नामांतर की नामविस्तार? 27 जुलै 1978 ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत ठराव झाला तो ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यापीठ’ या नावाचा. त्यावरून मराठवाड्यात गावोगावी आपल्या वस्त्यांवर हल्ले झाले, नाव लागायचं अडलं आणि त्यासाठी सत्याग्रह, मोर्चे, तुरुंग सुरू झाले. साडेपंधरा वर्षांनी हातात आलं ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावानं दुसरं विद्यापीठ निघालं आणि जुन्याचे जिल्हे वाटले गेले. जुनी माणसं म्हणतात, नाव लागलं, गेटवर कोरलं गेलं, आता कोण पुसणार आहे? तरुण पोरं म्हणतात, ज्या नांदेडात आपली माणसं सर्वांत जास्त होरपळली, तो जिल्हाच या नावाबाहेर गेला, त्याचं काय? दोन्ही बाजूंनी बोलणाऱ्यांच्या घरातलं कुणी ना कुणी तुरुंगात जाऊन आलेलं असतं, त्यामुळे तिथं कुणी कुणाला गप्प बसवू शकत नाही.

एका वर्षी इतिहास शिकणाऱ्या एका मुलानं नामांतराला विरोध करणाऱ्यांची बाजू नीट मांडली. गोविंदभाई श्रॉफ, अनंत भालेराव ही काही निजामाची माणसं नव्हती, हैदराबाद मुक्तिसंग्रामात तुरुंग भोगलेली माणसं होती; मराठवाडा हे नाव त्यांच्या लढ्याचं नाव होतं, ते जाईल याचं त्यांना खरंच दुःख होतं, असं तो म्हणाला. मांडवात चुळबुळ झाली. पण त्याला पूर्ण बोलू दिलं, याचा मला आजही अभिमान वाटतो. त्याच्यानंतर परभणीकडची एक मुलगी उठली. ती एवढंच म्हणाली, की दुःख होतं हे मान्य, पण त्या दुःखासाठी घरं कुणाची जळली ते बघा. अस्मिता शहरात जपली गेली आणि राख गावकुसाबाहेर पडली. माझं मत तिच्या बाजूचं आहे. ज्यांनी निजामाविरुद्ध माणसाच्या हक्कासाठी लढा दिला त्यांनी बाबासाहेबांच्या नावासाठी पहिली सही करायला हवी होती. एस. एम. जोशी, बाबा आढाव यांच्यासारखी समाजवादी माणसं या बाजूला उभी राहिली होतीच की.

पण मी दरवर्षी ज्याची वाट बघतो ते म्हणजे ‘गावाचं सांगणं’. वाद संपला की माईक खाली उतरतो, मंचावरून काढून सतरंजीवर बसलेल्यांकडे दिला जातो. नियम दोनच. हातात कागद नको, आणि पुढाऱ्याचं नाव घ्यायचं नाही. आपल्या गावात काय झालं तेवढंच सांगायचं. मोठमोठ्या वक्त्यांना मी ऐकलंय, लाँग मार्चचं वर्णनही पुष्कळदा ऐकलंय. 11 नोव्हेंबर 1979 ला प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून निघालेला तो मोर्चा, वाटेत भाकरी घेऊन उभ्या राहिलेल्या बाया, खडकपूर्णेजवळ पोलिसांनी केलेली अडवणूक, सगळं पाठ आहे. तरीही या सांगण्याइतकं काहीच आत जात नाही.

नांदेडकडच्या एक आजी बरीच वर्षं येत. पांढरं लुगडं, खांद्यावर निळा रुमाल. त्या उभ्या राहत नसत, बसूनच बोलत. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात त्यांच्या वस्तीवर लोक चालून आले तेव्हा त्या लेकरांना घेऊन उसाच्या फडात रात्रभर बसल्या. धाकटं रडू नये म्हणून त्याच्या तोंडात पदराचा बोळा धरला होता. सकाळी येऊन पाहिलं तर घर गेलेलं. आजी घराबद्दल फार बोलत नसत. त्या दप्तराबद्दल बोलत. थोरला सातवीला होता, त्याची पुस्तकं धान्याच्या कनगीच्या मागं ठेवली होती. कनगीही जळाली आणि पुस्तकंही. ‘दाणं तं पुन्हा मागून आणलं असतं रं,’ एवढं म्हणून त्या थांबत. तो थोरला पुन्हा शाळेत गेला नाही. मुंबईला बिगारी कामाला लागला आणि तिथंच राहिला. आजी कधी रडल्या नाहीत. दरवर्षी तेच, त्याच क्रमानं सांगायच्या, आणि आम्ही दरवर्षी पहिल्यांदा ऐकावं तसं ऐकायचो. माईक धरणाऱ्या मुलीचा हात थरथरायचा तेवढा आवाज स्पीकरमधून यायचा.

त्यानंतर शहिदांची नावं घेतली जातात. सगळे उभे राहतात. टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे, सुगावचे जनार्दन मवाडे, नागपूरच्या गोळीबारातला कोवळा अविनाश डोंगरे, 25 नोव्हेंबर 1993 ला नांदेडमध्ये स्वतःला पेटवून घेणारे गौतम वाघमारे, आणि पुढची सगळी. घाई केलेली मला चालत नाही. एका वर्षी वेळ कमी म्हणून नावं भरभर वाचायचं कुणीतरी सुचवलं, तेव्हा मीच उठून अडवलं. पाहुण्यांचा सत्कार कमी करा म्हटलं, नावं नाही.

हैदराबाद विद्यापीठातला संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला आत्महत्या करून गेला तो 17 जानेवारी 2016 ला, आमच्या त्या वर्षीच्या सभेनंतर चारच दिवसांनी. हैदराबाद आम्हाला कधी परकं वाटलं नाही, पूर्वी आमचं राज्यच ते होतं. पुढच्या वर्षी वसतिगृहातल्या पोरांनी हट्टानं त्याचंही नाव यादीत घ्यायला लावलं. काही ज्येष्ठांचं म्हणणं होतं, ही यादी नामांतराची आहे, ती तशीच राहू द्या. पोरं म्हणाली, नाव लागलेल्या विद्यापीठातही आमची फेलोशिप महिनोन्‌महिने अडकते, आडनाव विचारून गाईड नकार देतो, तर लढा संपला कुठं? मला पोरांचं पटलं. त्या वर्षीपासून नावं संपल्यावर थोडं थांबून त्याचं नाव घेतलं जातं.

आता थोडं मनातलं. आमच्याबरोबर शिकलेले कितीतरी जण आज मोठ्या हुद्द्यांवर आहेत. कुणी वर्ग एकचा अधिकारी, कुणी प्राचार्य. त्यांतले बरेच जण 14 तारखेला सकाळी गाडीतून येतात, गेटसमोर कुटुंबासह फोटो काढतात आणि दुपारी परत जातात. वंदन करतात, चांगलंच आहे. पण आदल्या रात्री मांडवात बसायला त्यांना वेळ नसतो, याचं वाईट वाटतं. ज्या आजीच्या घरातली पुस्तकं जळाली ती जमेल तोवर एसटीनं येत राहिली आणि ज्याच्या हातात पुस्तक टिकलं तो येत नाही. फोन केला की ‘पुढच्या वर्षी नक्की’ म्हणतात. वर्गणी पाठवतात. वर्गणीनं मांडव भरत नाही.

उलट बायकांची संख्या वाढत गेली. सुरुवातीला त्या मागं, भाकऱ्यांच्या बाजूला बसायच्या. नामांतराच्या सत्याग्रहात तान्ही लेकरं घेऊन तुरुंगात गेलेल्या बायका आपल्याच सभेत मागं बसल्यात, हे एकदा एका मुलीनं भर सभेत बोलून दाखवलं. त्यानंतर सूत्रसंचालन मुलीच करतात, आणि वेळही मुलीच पाळायला लावतात.

ज्यांच्यामुळे हे उभं राहतं त्यांची आठवण न काढता लिहिणं मला जमणार नाही. छापील नावं नकोत असं बहुतेकांनीच बजावलंय, म्हणून नावं टाळतो. भावसिंगपुऱ्याचे मांडववाले मामा. त्यांनी आजवर सतरंज्यांचं भाडं लावलं नाही. त्यांचा मुलगा, जो आता साउंड बघतो. बेगमपुऱ्यातले चाचा, भाताची मोठी पातेली आणि झारे त्यांच्याकडून येतात, आणि पातेल्यांबरोबर ते स्वतःही येतात, चूल लावून देईपर्यंत हलत नाहीत. उस्मानपुऱ्याच्या मावशी आणि त्यांच्या गल्लीतल्या सगळ्या जणी, ज्या दुपारपासून भाकरी थापतात. पिठल्याचं बघणारे आमचे निवृत्त शिपाई दादा. रेल्वे स्टेशन आणि बसस्टँडवरून म्हाताऱ्या माणसांना विनाभाडं आणणारे दोन रिक्षावाले. पत्रिका फुकट छापणारे प्रेसवाले काका. ते गेल्यावर ते काम पुढं चालवणाऱ्या त्यांच्या सूनबाई. फुलं देणारा गुलमंडीवरचा पोऱ्या, जो आता स्वतः दुकानदार झालाय. छावणीतले डॉक्टर, जे रात्रभर औषधांची पेटी घेऊन बसतात. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून मैदान झाडणारी वसतिगृहाची पोरं, त्यांची तर दरवर्षी नवी फळी असते. पाण्याचा टँकर ज्यांच्या सांगण्यावरून येतो ते नगरसेवक. पक्ष कुठलाही असो, त्यांनी कधी त्यावर बॅनर लावला नाही. रात्री पहारा देणारे वॉचमन काका. आणि मांडवाच्या तोंडाशी वही घेऊन बसणारे आमचे गुरुजी. आलेल्या प्रत्येकाचं नाव, गाव, तालुका ते टपोऱ्या अक्षरात लिहून घेतात. ज्याला सही येत नाही त्याचं नाव त्याला वाचून दाखवतात आणि मगच अंगठा घेतात. त्या वह्यांचा गठ्ठा माझ्या कपाटात आहे.

कुणी राहिलं असेल तर कळवा, पुढच्या अहवालात घेतो.

येत्या 13 तारखेला सभा संध्याकाळी सहाला सुरू होईल. वादाचा विषय पोरांनी ठरवलाय: वसतिगृह, फेलोशिप आणि नाव. नांदेडच्या आजींना आता गुडघ्यांमुळे प्रवास होत नाही. त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून आणायला दोघी मुली त्यांच्या गावी जाऊन येणार आहेत. ज्यांच्याकडे सत्याग्रहाचे जुने फोटो किंवा तुरुंगातून सुटल्याचे कागद असतील त्यांनी मूळ प्रती आणाव्यात, तिथंच स्कॅन करून परत देऊ. जेवायला किती जण येणार ते दहा तारखेपर्यंत गुरुजींना कळवा, मावशींना पीठ आधी दळावं लागतं.