पाठकोरे कागद फेकू नका, प्रिंटरला लावा

आमच्याकडं प्रिंटर आला तो पोरीच्या नीटच्या, म्हणजे मेडिकल प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी. लातुरात राहणाऱ्याला हे सांगायची गरज नाही, रोज व्हॉट्सॲपवर टेस्टची पीडीएफ येते, प्रिंट काढायची, सोडवायची, तपासायची आणि पेपर रद्दीत. चार महिन्यांत कॉटखाली गठ्ठे लागले. मी रद्दीवाल्याला आवाज द्यायलो तर आई म्हणाली, "अरे, सगळे पाठकोरे हायत की, कशाला घालायलास?"

तेव्हापासून सरावाचा प्रत्येक पेपर मागच्या कोऱ्या बाजूवर निघतो. ७५ जीएसएमचं (चौरस मीटरला ७५ ग्रॅम वजनाच्या कागदाचं) ए४ रीम म्हणजे ५०० कागद, सव्वादोन किलोच्या वर वजन, तेच आता जवळपास दुप्पट पुरतं. आणि कागद बनवायला लाकूड लागतं तसं पाणीही लई लागतं. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला रेल्वेनं आलेलं पाणी ज्यांनी पाहिलंय त्यांच्या घरात आजही भाजी धुतलेलं पाणी कुंडीत जातं, मग कागद अर्धा वापरून टाकवतोच कसा?

पण नुसता गठ्ठा उचलून ट्रेमधे कोंबू नका. एकदा एका कागदाला स्टेपलरची पिन राहिली, कागद आत अडकला, रोलरवर चरा पडला आणि दुरुस्तीला पैसे गेले. आता मी प्रत्येक कागदाच्या डाव्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवतो, पिन असली की लगेच लागते. पिन काढल्यावर जिथं फाटलंय तो कागद, चुरगळलेला, डिंक किंवा स्टिकर लागलेला, हे सगळे रफ कामाला, प्रिंटरला नाही. लेझरमधून निघालेला कागद उष्णतेनं वाकतो, त्याला एक रात्र जाड पुस्तकाखाली ठेवायचं, इंकजेटचा असला तर शाई पूर्ण वाळू द्यायची. पावसाळ्यात कागद ओल धरतात, एकमेकाला चिकटून दोन-दोन ओढले जातात, म्हणून लावायच्या आधी गठ्ठा पत्त्यांसारखा फुलवून घ्या आणि एका वेळी वीस-पंचवीसच लावा. कोरी बाजू वर ठेवायची का खाली हे प्रिंटरवर असतं, एका कागदावर पेन्सिलनं फुली मारून एकदा बघून घ्या.

जुन्या बाजूवर लाल पेननं आडवी रेघ मारायची, नाहीतर लेकरू घाईत जुनाच प्रश्न सोडवत बसतं.

आधार, बँक स्टेटमेंट, दवाखान्याचे रिपोर्ट मात्र या गठ्ठ्यात घालू नका, पाठकोरा पेपर मैत्रिणीकडं जातो आणि मागं आपला खाते नंबर असतो. ते कागद आम्ही फाडूनच टाकतो.

दोन्ही बाजू भरल्या की मग रद्दीवाला, त्याला कुठं कोरी बाजू लागते.