हतनूरच्या काठाला चालेल अशी ट्रॉली

पावसाळ्यात हतनूर धरणाचे 41 दरवाजे कमीअधिक उघडे असतात आणि तापी-पूर्णेचा गढूळ लोंढा पुढे वाहत राहतो. पाऊस ओसरला की दरवाजे बंद होतात, पाणी अडते, चांगदेवच्या संगमाकडे दोन्ही नद्यांच्या पात्रांत फुगवटा पसरतो आणि आमच्या मच्छीमार गटाचा खरा हंगाम सुरू होतो. कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनस ही सोडलेल्या बीजाची मासळी आणि वाम, मरळ, शिंगाळा ही नदीची आपली मासळी, असे दोन्ही जाळ्यात येते. थंडी वाढली की मासा सुस्तावतो आणि खोल पाण्यात उतरतो. त्यामुळे जाळी अधिक लांब व अधिक खोल लावावी लागतात आणि काठापर्यंत न्यायचे सामानही त्या मानाने वाढते. आजवर हे सामान भाड्याच्या पिकअपमधून येत होते, परंतु पिकअप रस्ता संपतो तिथे थांबते आणि पुढचे सगळे डोक्यावरून न्यावे लागते. यंदा गटातल्या एका भावाचा केळीच्या बागेत चालणारा मिनी ट्रॅक्टर आम्हाला वापरायला मिळणार आहे. त्यामागे जोडण्यासाठी स्वतःची ट्रॉली करून घ्यावी असे ठरले आणि ती कशी असावी हे पाहण्याचे काम माझ्याकडे आले. त्या निमित्ताने जे पाहिले, विचारले आणि मोजले ते इथे सविस्तर लिहीत आहे.

ट्रॉली घेताना बहुतेक जण माल किती भरायचा आहे, या प्रश्नापासून सुरुवात करतात. माझ्या मते सुरुवात काठापासून करावी. डांबरी रस्ता संपल्यावर पाण्यापर्यंत जो फर्लांग-दोन फर्लांगांचा टप्पा उरतो, तोच ट्रॉलीची खरी परीक्षा घेतो. महामार्गावर तर कोणतीही ट्रॉली चालते. शिवाय आपला काठ एका जागी राहत नाही. रब्बीची आवर्तने सुटू लागली की पाणी मागे सरकत जाते आणि दिवाळीच्या सुमारास जिथे होडी लागत होती तिथे संक्रांतीला गाळ उघडा पडलेला असतो. तापी आणि पूर्णा या दोन्ही नद्या भरपूर गाळ आणतात, आणि त्या गाळात काळ्या मातीचा अंश मोठा असल्यामुळे तो पाणी धरून फुगतो. वरचा थर चार दिवसांच्या उन्हाने वाळतो, त्याला भेगाही पडतात, आणि पाहणाऱ्याला जमीन पक्की झाली असे वाटते. पण त्या पापुद्र्याखाली हात-दोन हात लोण्यासारखा मऊ चिखल तसाच असतो. रिकामी ट्रॉली या पापुद्र्यावरून पार होते आणि परतताना मासळीने भरलेली तीच ट्रॉली त्याच वाटेवर रुतते. म्हणून जातानाच्या अनुभवावर परतीचा भरवसा ठेवता येत नाही.

या काठावर आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. पाणी ओसरलेल्या जमिनीवर गाळपेर होते. कुणी हरभरा टाकतो, कुणी गहू, आणि पुढे टरबूज-काकडीचे वेल पसरतात. या तुकड्यांमधून जाणारी वाट अरुंद असते आणि ती सोडून कुणाच्या पिकावर चाक घालणे योग्य नाही. ट्रॉलीची रुंदी ठरवताना मी हे माप सर्वांत आधी धरले. ट्रॉलीची दोन चाके ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांच्या चाकोरीतूनच चालली पाहिजेत, म्हणजे वाट एकदाच दाबली जाते, ट्रॉलीला प्रत्येक वेळी नवी माती कापावी लागत नाही आणि कडेचे पीकही वाचते.

चाकांची संख्या आणि आकार हा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय आहे. वजन चार चाकांवर विभागले जाईल, म्हणून दोन एक्सलची ट्रॉली चिखलात बरी, असे काही जणांनी सुचवले. तत्त्वतः ते खरे आहे, परंतु शेजारीशेजारी बसवलेले दोन एक्सल वळणावर एकमेकांना घासत नेतात, मऊ जमिनीत माती बाजूला लोटतात आणि मिनी ट्रॅक्टरला ते ओढवत नाही. आपल्या वाटेवर वळणे पुष्कळ असल्यामुळे मी एकाच एक्सलच्या बाजूने आहे; मात्र त्याची चाके मोठी हवीत. स्वस्त छोट्या ट्रॉल्यांना 10 किंवा 12 इंची रिमची चाके लावलेली दिसतात. सिमेंटच्या रस्त्यावर ती ठीक आहेत, पण लहान व्यासाचे चाक चिखलात खड्डा करून स्वतःच त्यात बसते, तर मोठ्या व्यासाचे चाक त्याच खड्ड्यावर चढून पुढे जाते. 7.50-16 हे ट्रॉलीचे नेहमीचे माप आहे, ते कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळते आणि पंक्चरवाल्याच्या ओळखीचे आहे. टायरमधली हवा हा विषय लोक फारसा मनावर घेत नाहीत. टायरचा जमिनीवरचा दाब साधारणपणे त्यातल्या हवेच्या दाबाइतका असतो. त्यामुळे ट्रॉली मोठ्या वजनासाठी बनलेली असली आणि आपला माल तिच्या क्षमतेच्या निम्मा असला, तरी टायर टणक फुगवलेले असतील तर ती सुरीसारखी गाळात शिरते. हलक्या मालाला कमी हवा ठेवली की टायर पसरतो आणि जमीन त्याला पेलते. किती कमी चालेल, हे टायर बनवणाऱ्याच्या तक्त्यावरून ठरवावे. अंदाजाने हवा सोडून तशाच टायरवर डांबरी रस्त्याला लागल्यास टायरच्या बाजू तापून फाटतात.

थंड देशांत, उदाहरणार्थ अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, सरोवरे गोठतात आणि मासेमार आपले सामान त्या बर्फावरूनच ओढून नेतात. तिथे माणसाला नुसते चालण्यासाठीही निदान 4 इंच जाडीचा स्वच्छ बर्फ असावा असे सांगितले जाते. त्यामुळे ट्रेलर घेताना, तो माल धरून पायाखालच्या थराला पेलेल का, हाच प्रश्न तिथे आधी येतो. आपल्याकडे बर्फाच्या जागी गाळ आहे आणि जिवाचा धोका तेवढा नाही, पण विचाराचा क्रम तोच असायला हवा.

आता मालाचे वजन. शंभर लिटरची बर्फपेटी मासळी आणि बर्फाने भरली की 80 ते 90 किलोंची होते. आम्हाला चार पेट्या लागतात, म्हणजे सुमारे 350 किलो झाले. उन्हाळ्यात एक किलो मासळीला एक किलो बर्फ धरावा लागतो, हिवाळ्यात त्याहून कमी पुरतो. म्हणून त्याच पेट्यांत मासळी जास्त मावते, एकूण वजन मात्र फारसे बदलत नाही. ओली जाळी, बोये आणि शिसे मिळून शंभरेक किलो. फायबरची छोटी होडी आणि वल्ही दीडशे किलो धरावीत, पण होडी काही रोज न्यायची नसते; जागा बदलताना किंवा दुरुस्तीसाठीच ती ट्रॉलीवर चढते. म्हणजे रोजचा भार साडेचारशे आणि क्वचितचा सहाशे किलो. या कामाला तीन-चार टनांची शेतीची ट्रॉली घेणे मला पटत नाही, कारण तिचे रिकामे वजनच आमच्या सगळ्या मालाहून जास्त असते आणि ते ओझे प्रत्येक खेपेला चिखलातून ओढावे लागते. आपल्या भागात ट्रॉली कापूस, ऊस आणि केळी यांच्या मापाने बनते. वर्कशॉपमध्ये गेल्यावर तेच माप पुढे केले जाते आणि 'मजबूत असावी' म्हणून पाच मिलिमीटरचा पत्रा सुचवला जातो. आठ बाय पाच फुटांच्या तळाला पाच मिलिमीटरचा पत्रा सुमारे 146 किलो भरतो, तर तीन मिलिमीटरचा 87 किलो. खालचे आडवे चॅनल थोडे जवळ घेतले तर तीन मिलिमीटर आपल्या मालाला पुरेसा आहे. हायड्रॉलिक टिपिंगही नको. मासळी ओतायची नसते आणि त्या जॅकचे वजन विनाकारण वाढते.

माल कुठे ठेवायचा, याकडे मी सर्वांचे लक्ष मुद्दाम वेधू इच्छितो. एका एक्सलच्या ट्रॉलीत एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग हुकावर यावा, असा सर्वसाधारण नियम आहे. मालासह ट्रॉली साडेनऊशे किलोंची झाली तर हुकावर 95 ते 140 किलो. भार मागे गेला की हुक वर उचलला जातो आणि वेग वाढताच ट्रॉली डावी-उजवी डोलू लागते. भार फार पुढे गेला, तर ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड वाढते खरी, पण काठाची चढण चढताना मिनी ट्रॅक्टरचे पुढचे टोक हलके होते आणि स्टीअरिंग निरुपयोगी ठरते. म्हणून बर्फपेट्या एक्सलच्या किंचित पुढे बसतील अशा खाचा तळातच करून घ्याव्यात आणि जाळी मागे ठेवावीत. पेट्यांना ठरलेली जागा असली की पहाटेच्या अंधारात भरणाऱ्याला हिशेब करावा लागत नाही. होडीसाठी काढता-घालता येणारा पाइपचा सांगाडा पुरे. होडी त्यावर पालथी बांधली की तिचा लांब भाग ड्रॉबारच्या, म्हणजे ट्रॉलीला हुकाशी जोडणाऱ्या पुढच्या दांड्याच्या, वर येतो आणि मागे लोंबत नाही. थर्माकोलचे तराफे नेणाऱ्यांनी मात्र वाऱ्याचा विचार करावा, कारण तराफ्याला वजन नसते आणि तो दोरीला न जुमानता उडतो. त्यावर आडवे पट्टे ओढलेले बरे.

आता जाळ्यांविषयी. शेतीच्या ट्रॉलीच्या आतल्या बाजूला बोल्टची डोकी, वेल्डिंगचे थेंब आणि अँगलच्या धारदार कडा असतात. कापसाच्या गाठोड्याचे त्याने काही बिघडत नाही, पण नायलॉनचे बारीक जाळे त्या प्रत्येक टोकाला अडकते आणि ओढताना उसवते. जाळे विणायला आणि सांधायला लागणारे हात ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा तपशील किरकोळ वाटणार नाही. आमच्या घरातल्या आत्या-काकू दुपारभर जाळी सांधतात. ट्रॉलीच्या एका बोचऱ्या कडेने त्यांचे श्रम वाया जाता कामा नयेत. त्यामुळे आतले सगळे वेल्डिंग ग्राइंडरने गुळगुळीत करणे, बोल्ट बाहेरून आत न घालता आतून बाहेर घालून त्यांची चपटी डोकी आत ठेवणे, आणि वरच्या कडेला अँगलऐवजी गोल पाइप लावणे या तीन गोष्टी मी लेखी मागितल्या आहेत. तळाला मागच्या बाजूस पाणी निघायला भोके हवीत, कारण वितळलेला बर्फ आणि मासळीचा चिकटा साचून राहिला की पत्रा तिथूनच गंजतो. मागचा फाळका पूर्ण उघडणारा आणि खाली टेकणारा असावा, म्हणजे पेटी उचलण्याऐवजी सरकवत चढवता येते.

ट्रॉली पाण्यात मागे नेऊन होडी तरंगवून उतरवता येईल का, असे आमच्यातल्या तरुण मुलांनी विचारले. करता येते, पण शक्यतो करू नये. रस्त्याने येताना हब तापलेले असते. ते एकदम थंड पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि सीलजवळून पाणी आत ओढले जाते. ग्रीस पांढरट होते आणि बेअरिंग एका हंगामात जाते. न्यायचीच असेल तर आधी थांबून हब हाताला थंड लागेपर्यंत वाट पाहावी आणि हंगाम संपल्यावर बेअरिंग उघडून नवे ग्रीस भरावे.

हिवाळ्यातल्या पहाटेचा वेगळा विचार करावा लागतो. संध्याकाळी टाकलेली जाळी उजाडण्यापूर्वी ओढायची असतात, नदीकाठी धुके असते आणि ट्रॉलीच्या मागून येणाऱ्याला ती दिसेलच असे नाही. उसाच्या हंगामात अशा अंधारात उभ्या ट्रॉल्यांवर मागून वाहने आदळल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. मागचे दिवे चालू स्थितीत आणि चिखल लागणार नाही इतके उंच असावेत, फाळक्यावर लाल आणि बाजूंना पिवळी परावर्तक पट्टी असावी. हुकाची पिन गारठलेल्या बोटांनीही काढता यावी म्हणून तिला मोठी कडी हवी, आणि पिनेसोबत सुरक्षेची साखळी हवीच. माणसांनी ट्रॉलीत बसू नये, हा नियम आम्ही गटात सर्वानुमते केला आहे.

मोटार वाहन कायदा, 1988 नुसार ट्रेलरची स्वतंत्र नोंदणी लागते. त्यामुळे नोंदणीची कागदपत्रे देणाऱ्या उत्पादकाकडूनच ती घ्यावी आणि मासळीची वाहतूक हा वापर विम्याच्या अर्जात स्पष्ट लिहावा.

ब्रेकचा प्रश्न मी शेवटी घेतला आहे, कारण त्यावर गटात अजून चर्चा चालू आहे. छोट्या ट्रॉल्यांना ब्रेक नसतात आणि खर्च वाचतो म्हणून आम्हालाही तशीच घ्यावी, असे काहींचे म्हणणे आहे. परंतु भरलेली ट्रॉली मिनी ट्रॅक्टरहून जड होते, आणि काठाच्या उतारावर ओल्या मातीत जड ट्रॉली हलक्या ट्रॅक्टरला मागून ढकलते. चालकाने अशा वेळी क्लच दाबला किंवा एकदम ब्रेक मारला तर ट्रॉली आडवी फिरून ट्रॅक्टरला उलटवू शकते. खालच्या गिअरमध्ये, क्लच न दाबता उतरणे हा अर्धा उपाय झाला. उरलेल्या अर्ध्यासाठी हुकावर दाब आला की आपोआप लागणारे ब्रेक बसवता येतात, आणि मी त्याच बाजूने मत दिले आहे. पैसे कमी पडलेच तर होडीचा सांगाडा पुढच्या वर्षी करू, पण ब्रेक याच ऑर्डरमध्ये असावेत, असे मी वर्कशॉपला द्यायच्या कागदात लिहून ठेवले आहे.