रोबोट लटकवायचा तर मोटर कोणती?

एफटीसी, म्हणजे फर्स्ट टेक चॅलेंज या शालेय संघांच्या रोबोट स्पर्धेत, सामन्याच्या शेवटच्या ३० सेकंदांत रोबोटने स्वतःला दांड्यावर ओढून घ्यायचं काम फिरून फिरून येतं. २०२३-२४ च्या सेंटरस्टेज या खेळात लटकण्याचे २० गुण होते. २०२४-२५ च्या इन्टू द डीपमध्ये २० इंचांवरच्या खालच्या दांड्याला १५ आणि ३६ इंचांवरच्या वरच्या दांड्याला ३०. दांडा बदलतो, गुण बदलतात, गणित तेच राहतं. तरी बहुतेक संघ मोटर निवडतात ती डब्यावरचा आरपीएमचा, म्हणजे मिनिटाला फेऱ्यांचा, आकडा बघून, आणि लटकणं तिथेच फसतं.

सुरुवात वजनकाट्यापासून करा. बॅटरी, वायरी, सगळं लावून रोबोट तोला. कॅडमधला, म्हणजे संगणकावरच्या आराखड्यातला, आकडा धरू नका, त्यात स्क्रू आणि वायरी कधीच पूर्ण मोजलेल्या नसतात. समजा वजन १५ किलो भरलं. दोरी ३२ मिमी व्यासाच्या रिळावर गुंडाळायची आहे, म्हणजे त्रिज्या १.६ सेंमी. मोटरचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, किलो-सेंमीमध्ये दिलेला असतो ही सोयच आहे: १५ गुणिले १.६ म्हणजे २४ किलो-सेंमी. पुली, बेअरिंग आणि स्लाइडच्या (एकातून एक सरकत लांब होणाऱ्या पट्ट्यांच्या) घर्षणात पाव हिस्सा जातो असं धरा. २४ भागिले ०.७५, म्हणजे ३२ किलो-सेंमी.

आता गोबिल्डाच्या यलो जॅकेट मोटरी घेऊ. ३१२ आरपीएमच्या मोटरचा स्टॉल टॉर्क (ज्या भाराला मोटर फिरायची थांबते तो) २४.३ किलो-सेंमी, ११७ आरपीएमवालीचा ६८.४. मूळ मोटर एकच असल्याने दोन्हींचा स्टॉल करंट ९.२ अँपिअर. दोन-दोन मोटरी लावल्या तर ३१२ च्या जोडीवर स्टॉलच्या ६६ टक्के भार येतो, ११७ च्या जोडीवर २३ टक्के. डीसी मोटरचा वेग भाराबरोबर सरळ रेषेत उतरतो, त्यामुळे ३१२ ची जोडी भाराखाली साधारण १०६ आरपीएमवर येते आणि ११७ ची ९० वर. ४० सेंमी चढायला पहिलीला सव्वादोन सेकंद, दुसरीला पावणेतीन. वाचला अर्धा सेकंद. त्यासाठी पहिली जोडी सुमारे १२ अँपिअर खेचते, दुसरी पाचच्या आत.

बरं, हे झालं पूर्ण १२ व्होल्टला. सामन्याच्या शेवटी भाराखाली बॅटरी ११ वर येणं अगदी नेहमीचं. तिथे वेग आणि स्टॉल टॉर्क दोन्ही घटतात, आणि आधीच जास्त दमलेली जोडी जास्त मार खाते. पुन्हा हिशेब केला तर दोन्ही जोड्या ८० आरपीएमच्या आसपास भेटतात. म्हणजे ‘वेगवान’ मोटरचा फायदा शून्य, आणि करंट मात्र तिप्पट नाही तरी त्याच्या जवळ. बॅटरीचा फ्यूज २० अँपिअरचा असतो. त्याच वेळी ड्रायव्हरने जॉयस्टिक दाबलेली असली तर चाकांच्या चार मोटरीही त्यातच वाटा मागतात. व्होल्टेज फार खाली गेलं की हब, म्हणजे रोबोटचा कंट्रोलर, रीसेट होतो. चढाई सुरू झाली की कोडमध्येच चाकांची पॉवर शून्य करून टाका.

माझा ठोकताळा: भार स्टॉलच्या २५ ते ३० टक्क्यांत ठेवा. एकटी ११७ वाली मोटरही हे वजन उचलते, ४७ टक्के भाराने, चार सेकंदांच्या आत. पण मग वजन वाढलं, पुली घासली, बॅटरी उतरली, यातलं काहीही झालं तर हातात राखीव काही उरत नाही. आठ मोटरींच्या मर्यादेत चार चाकांना जातात, उरलेल्या चारांतल्या दोन चढाईला देणं जड जातं हे खरं. म्हणून काही संघ पीटीओ (पॉवर टेक-ऑफ) करतात, म्हणजे सर्व्होने (ठरावीक कोनात फिरणाऱ्या छोट्या मोटरने) गिअर सरकवून चाकांच्याच मोटरी रिळाला जोडतात. ताकद भरपूर मिळते, पण गिअर दातात दात बसण्याआधीच फिरला तर दात झिजतात. आधी मोटर अगदी मंद फिरवायची, दात बसले की मग जोर द्यायचा.

रोबोट ओढायला कॅस्केड स्लाइड (प्रत्येक टप्पा पुढच्याला वेगळ्या दोरीने ओढतो ती) वापरत असाल तर हिशेबात आणखी एक गोष्ट येते. तीन टप्प्यांच्या कॅस्केडमध्ये रिळावरच्या दोरीला वजनाच्या तिप्पट ताण येतो, इथे ४५ किलो. कंटिन्युअस पद्धतीत, म्हणजे एकच दोरी सगळ्या टप्प्यांतून फिरते तिथे, ताण १५ किलोच राहतो, पण दोरी तिप्पट गुंडाळावी लागते. काम दोन्हींकडे तेवढंच. फरक एवढाच की कॅस्केडमध्ये गाठी आणि पुलीचे स्क्रू आधी हार मानतात. डायनीमा (अतिमजबूत कृत्रिम धाग्याची) दोरी ताणत नाही म्हणून चांगली, पण गुळगुळीत असल्याने साधी गाठ सरकते. पालोमार गाठ मारा, आणि गाठ बांधली की दोरीची ताकद बरीच घटते हे धरून ताणाच्या चार-पाच पट क्षमतेची दोरी घ्या. अरुंद रिळावर दोरी थरावर थर चढते: दीड मिमीच्या दोरीचे तीन थर झाले की त्रिज्या १६ वरून २० मिमीच्या घरात जाते आणि लागणारा टॉर्क पाव हिश्शाने वाढतो, तोही नेमका चढाईच्या शेवटी. रीळ रुंद ठेवा आणि दोन्ही बाजूंना बेअरिंग द्या. गिअरबॉक्सच्या शाफ्टवर एका टोकाने लोंबणारं रीळ शाफ्ट वाकवतं.

वर पोचल्यावर टिकून राहणं हा वेगळा प्रश्न. ब्रेक मोडमध्ये मोटरची दोन टोकं आपसांत जोडली जातात. त्याने घसरण मंदावते, थांबत नाही. रॅचेट (एकाच दिशेला फिरू देणारं दातेरी चाक) लावलात तर खिट्टी सोडवायला सर्व्हो ठेवा, नाहीतर हुक चुकीच्या जागी अडकला की दोरी सैल करता येत नाही. वर्म गिअर (स्क्रूच्या आट्यांनी फिरणारा) घट्ट धरतो, बदल्यात निम्मी-अधिक ताकद घर्षणात खातो. लीड स्क्रूच्या (फिरवला की नट सरकवणाऱ्या लांब आट्यांच्या दांड्याच्या) बाबतीत खरेदीतच चूक होते. थ्रीडी प्रिंटरसाठी सर्रास मिळणारा ८ मिमी व्यासाचा स्क्रू चार-धागी असतो, एका फेऱ्यात ८ मिमी सरकतो, आणि वजनाखाली उलटा फिरतो. एक-धागी, फेऱ्याला २ मिमीवाला मागा. तो जागचा हलत नाही. ११५० आरपीएमच्या मोटरवर ४० सेंमीला बारा-तेरा सेकंद लागतात, तेवढी वेळ हातात असते. फक्त तो ओढकामात वापरा, दाबकामात लांब बारीक दांडा वाकतो.

हुकची जागा सगळ्यात शेवटी ठरवली जाते, खरं तर ती सगळ्यात आधी ठरायला हवी. रोबोट जमीन सोडतो तेव्हा गुरुत्वमध्य हुकच्या बरोबर खाली येईपर्यंत तो कलतो. हुक गुरुत्वमध्याच्या ३० सेंमी वर आणि १० सेंमी पुढे असेल तर कल १८ अंशांचा. पुढच्या-मागच्या चाकांत ३० सेंमी अंतर असेल तर पुढची चाकं साडेनऊ सेंमी वर गेल्यावरच मागची चाकं मॅट सोडतात. कलल्यामुळे स्लाइडवर आडवा जोर येतो आणि ती अडकते. मोटर बदलून हे सुटत नाही. बॅटरी मागे-पुढे सरकवून पाहा, ती रोबोटमधली सर्वांत सोपी हलवता येणारी वजनदार वस्तू.

हुक थ्रीडी प्रिंटचा असेल तर थर ओढीच्या दिशेला समांतर येतील असा आडवा छापा, उभा छापलेला थरांवरच फाटतो.

चाचणी सामानाच्या लटकत्या डिजिटल काट्याने होते. काटा मजबूत दांड्याला बांधा, रोबोटचा हुक त्यात अडकवा, उचलताना काट्यावरचा सर्वांत मोठा आकडा बघा. सुरुवातीच्या हिसक्याला तो वजनापेक्षा बराच वर जात असेल तर पॉवर एकदम न देता अर्ध्या सेकंदात चढवत न्या. मग वर पोचल्यावर पॉवर बंद करून दोरीवर रिळापाशी मार्करने खूण करा, एका मिनिटाने खूण किती सरकली ते मोजा, आणि हेच उतरलेल्या बॅटरीवर पुन्हा करा.