मीटर कमी आहे म्हणून लष्करी ट्रकला लगेच स्टार्ट मारायची का?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. लष्कराच्या लिलावातला ट्रक नाशिकला आणला की जो तो हेच विचारतो: "मीटरवर जेमतेम वीस हजार किलोमीटर आहेत. नव्या बॅटऱ्या टाकून स्टार्ट मारायला काय हरकत आहे?"

हरकत आहे. मीटर बहुतेक वेळा खरा असतो, पण गाडी किती पावसाळे उघड्यावर उभी होती याची नोंद त्यात नसते. शक्तिमान ट्रक असो, जोंगा जीप असो की स्टॅलियन ट्रक, या गाड्या चालून फारशा झिजत नाहीत. उभ्या उभ्या त्यांचं रबर कडक होतं, टाकीत पाणी साठतं, ब्रेकचे लायनर ड्रमला धरतात. खर्चाचा अंदाज त्यावरून बांधा.

कागदांचं आधी उरकू. भंगार म्हणून विकलेल्या लॉटमधली गाडी रस्त्यावर आणायची स्वप्नं बघू नका. नोंदणीसाठी संरक्षण खात्याच्या अधिकाऱ्याने दिलेला फॉर्म २१, म्हणजे विक्रीचा दाखला, आणि तुमचा फॉर्म २०, म्हणजे नोंदणीचा अर्ज, लागतो. ऑलिव्ह ग्रीन रंग खाजगी गाडीला चालत नाही, त्यामुळे पेठ रोडला आरटीओत नेण्याआधी रंग बदला. बॉडी किंवा इंजिन बदलायचं असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. आधी परवानगी, मग वेल्डिंग.

आता इंजिन. डिझेल टाकीचा ड्रेन प्लग काढलात की पहिल्यांदा पाणी येतं, मग डांबरासारखा काळा गाळ. टाकी उतरवून धुवायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या स्टार्टसाठी स्वच्छ डिझेलचा पाच लिटरचा कॅन वापरा. सक्शन (डिझेल ओढणारा) आणि रिटर्न (उरलेलं डिझेल परत आणणारा), दोन्ही पाइप त्याच कॅनमध्ये सोडा. रिटर्न जुन्या टाकीत राहिला तर कॅन बघता बघता रिकामा होतो आणि डिझेलचा पंप हवा घेतो.

नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग, काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. जास्त ओतू नका, पिस्टनवर तेल साचून राहिलं की नोझल बसवल्यावर इंजिन तिथेच अडकतं. सकाळी पान्याने क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. अडलं तर जोर लावायचा नाही, कारण शोधायचं. फिरलं की नोझल काढलेल्या अवस्थेतच, डिझेल बंद ठेवून, थांबत थांबत स्टार्टर मारा. ऑइल प्रेशरचा काटा हलला की मगच नोझल बसवा. त्यानंतर हातपंपाने आधी फिल्टरची, मग पंपाची आणि शेवटी नोझलच्या नटांपाशी एअर, म्हणजे अडकलेली हवा, काढा.

एक गोष्ट हमखास राहून जाते. फार दिवस बंद असलेल्या पंपाची रॅक, म्हणजे डिझेल कमीजास्त करणारी दांडी, फुल डिझेलवर अडकलेली असू शकते. अशी गाडी स्टार्ट झाली की रेस वाढतच जाते आणि स्टॉपची तार ओढून काही होत नाही. म्हणून पंपाचं साइड कव्हर उघडून रॅक बोटाने मागेपुढे सरकते का ते बघा. तरीही पहिल्या स्टार्टला एक माणूस एअर इनटेकपाशी घट्ट बसेल अशी फळी घेऊन उभा पाहिजे. फडका नको, हात तर मुळीच नको. दोन्ही आत ओढले जातात. जुन्या गाडीला तेलाचा एअर क्लीनर असेल तर तेल खुणेपर्यंतच भरा. जास्त झालं तर इंजिन तेच तेल ओढून जाळायला लागतं, आणि तेव्हाही रेस अशीच हाताबाहेर जाते.

ब्रेकवर मात्र कंजुषी करू नका. गाडी जागची हलत नसेल तर दुसऱ्या ट्रकने हिसका देऊन ओढू नका. लायनर ड्रमला चिकटलेले असतात, ते शूवरून उखडून आत फिरायला लागतात. अ‍ॅडजस्टर सैल करा, ड्रमवर हातोडीने ठोका, ड्रम काढून शू बाहेर घ्या. लायनरखाली गंज धरून तो फुगला असेल तर जाडी कितीही शिल्लक असली तरी बदला. ब्रेकला हवा पुरवणाऱ्या एअर टाक्यांचे ड्रेन कॉक उघडा. पाणी आणि तेलाचा पांढुरका चिखल निघेल. बूस्टरचे (हवेच्या दाबाने ब्रेक लावणाऱ्या डब्यांचे) डायफ्राम आणि रबरी होज चांगले दिसले तरी सगळे नवे घ्या. मग प्रेशर पूर्ण भरू द्या, चाकांना ठोकळे लावा, इंजिन बंद करा, कोणाला तरी पेडल दाबून धरायला सांगा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी सोडा. दोन-तीन मिनिटांत काटा उतरताना दिसला तर कुठेतरी गळतंय. ज्या बूस्टरमध्ये पार्किंगची स्प्रिंग आहे तो कधीही नुसता उघडू नका. आधी बोल्ट घालून स्प्रिंग आवळून धरावी लागते. ती सुटली तर समोरचा माणूस वाचत नाही. हे होईपर्यंत कसारा घाटाचं नावही काढू नका.

चाकांचंही तसंच. टायरची नक्षी नवी दिसते, पण बाजूला चार आकडी शिक्का असतो: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. ३२०८ म्हणजे २००८ सालचा बत्तिसावा आठवडा. बगलेवर चिरा दिसल्या तर तो टायर शेतातसुद्धा वापरू नका. वीस इंची डिस्कला, म्हणजे चाकाच्या लोखंडी रिमला, टायर धरून ठेवणारी लॉक रिंग असते. चाक खोलण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण जाऊ द्या, आणि भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवा. रिंग नीट बसली नाही म्हणून हवा भरता भरता हातोडी मारणारा पंक्चरवाला दिसला तर त्याच्याकडून चाक परत घ्या. काही जुन्या लष्करी ट्रेलरांच्या डिस्क दोन भागांच्या, बोल्टांनी जोडलेल्या असतात. हबकडचे नट चाक काढण्यासाठी असतात, बाहेरच्या वर्तुळातले दोन भाग जोडण्यासाठी. हवा असताना बाहेरचे नट सोडवले तर डिस्क उडते.

वायरिंग २४ व्होल्टचं असतं, बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. टेप किंवा मोबाइलचा चार्जर एकाच बॅटरीवरून घेतला की ती कायम अर्धी राहते आणि दुसरी जादा चार्ज होऊन उकळते. वर्षभरात दोन्ही जातात, दोष मात्र बॅटरीच्या कंपनीला मिळतो. २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर बसवा, आणि बॅटऱ्या नेहमी जोडीनेच बदला.

गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) आणि पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलच्या दोन्ही हाउसिंगचं ऑइल काढून बघा. दुधाळ निघालं तर पाणी शिरलंय, बहुतेक ब्रीदर, म्हणजे हवा जाण्याची वाट, तुंबलेला असतो. पुढचा ड्राइव्ह डांबरी रस्त्यावर लावून चालवू नका. वळणावर पुढची-मागची चाकं सारखी फिरत नाहीत, ताण क्रॉस (शाफ्टचे सांधे) आणि गिअरवर येतो, आणि पुढच्या ड्राइव्हचा लीव्हर सुटता सुटत नाही.

निफाड, दिंडोरीकडे द्राक्षबागेला पाणी द्यायला लष्कराच्या एक टनी ट्रेलरची मागणी बरीच. त्यावर दोन हजार लिटरची टाकी बसवणारे भेटतात. हजार लिटर पाणी म्हणजेच एक टन, टाकीचं लोखंड वेगळं. टाकी लहान घ्या, आत भोकं पाडलेल्या आडव्या पट्ट्या लावा, नाहीतर अर्ध्या भरलेल्या टाकीतलं पाणी उतारावर ट्रॅक्टरला ढकलतं. टाकी अ‍ॅक्सलच्या किंचित पुढे बसवा, थोडा भार ओढदांड्यावर यायला हवा. ओढदांड्याची पुढची कडी झिजली असेल तर तिच्यावर वेल्डिंगचा थर चढवू नका. ती घडीव पोलादाची असते, वेल्डिंगशेजारी तडा जातो, कडीच बदला. ट्रॅक्टरची बारीक पिन या जाड कडीत खडखडते आणि दोन्हींना खाते, तेव्हा कडीला बसेल असा हुक ट्रॅक्टरला लावून घ्या. हब उघडून जुनं ग्रीस रॉकेलने धुवा, बेअरिंगला डाग असतील तर नवे घाला, ऑइल सील मात्र काहीही झालं तरी नवं. हबचा नट चाक फिरवत आवळा आणि मग थोडा परत सोडा.

ट्रेलरच्या लाइटचे बल्ब २४ व्होल्टचे असतील तर ट्रॅक्टरच्या १२ व्होल्टवर ते नुसते लुकलुकतात, तेव्हा सगळे बदला. अर्थिंग कडीतून मिळेल या भरवशावर राहू नका, वेगळी वायर ओढा. ब्रेक दाबला की इंडिकेटरही मिणमिणतात, ते बहुतेक वेळा अर्थिंग नीट नसल्यामुळेच.