महालक्ष्म्यांच्या तोंडावर गुडघ्यात घेतलेले इंजेक्शन

मला नऊ वर्षांपासून आमवात आहे आणि आठवड्यातून एकदा घ्यायच्या मेथोट्रेक्सेटच्या गोळ्यांनी तो बऱ्यापैकी आटोक्यात होता. परंतु गेल्या वर्षी महालक्ष्म्या आठ दिवसांवर आल्या असताना उजवा गुडघा असा सुजला की परतूरच्या आमच्या घराच्या तीन पायऱ्याही मला उतरवेनात. बाकीचे सांधे शांत असल्यामुळे, एका सांध्यापायी साऱ्या शरीराचे औषध लगेच वाढवण्यापेक्षा त्या गुडघ्यातले पाणी काढून तिथेच स्टेरॉइडचे इंजेक्शन द्यावे, असे छत्रपती संभाजीनगरच्या संधिवाततज्ज्ञांनी सुचवले.

मी बिचकले. पूर्वी एका दवाखान्यात कशाचे ते न सांगता कमरेत दिलेल्या सुयांनी दोन आठवडे बरे वाटायचे आणि मग दुखणे दुपटीने उसळायचे. शिवाय ‘एकदा पाणी काढले की ते पुन्हा पुन्हा भरते’ हे जाऊबाईंचे ठाम मत होते. डॉक्टरांनी समजावले की पाणी भरते ते सांध्याच्या अस्तराला सूज असते म्हणून, काढल्यामुळे नव्हे. आणि हे औषध बरेचसे सांध्यातच राहून हळूहळू विरघळते, तरी एकाच सांध्यात ते वर्षातून तीन-चार वेळांपेक्षा जास्त देत नाहीत. ताप आहे का, त्वचेवर जखम आहे का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हेही त्यांनी आधी विचारून घेतले.

प्रत्यक्ष काम पंधरा मिनिटांचे होते. जागा जंतुनाशकाने पुसून बधिर केली, मग सुईने पिवळसर, किंचित गढूळ पाणी ओढून घेतले. जंतुसंसर्गाची शंका आली असती, तर औषध दिलेच नसते, असे ते म्हणाले. थोडे पाणी तपासणीला ठेवून, सुई तशीच ठेवत, त्यांनी फक्त सिरिंज बदलली आणि ४० मिलिग्रॅम ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉइड आत सोडले.

खरी परीक्षा घरी होती. पहिल्या रात्री गुडघा आधीपेक्षा जास्त ठणकला. असे एक-दोन दिवस होऊ शकते, मात्र ताप आला किंवा दुखणे वाढतच गेले तर त्याच दिवशी या, असे बजावलेले असल्यामुळे मी घाबरले नाही. कापडात बर्फ गुंडाळून शेकत राहिले. दोन दिवस पाय टेकवून फिरायचे नाही, हे सणाच्या घरात पाळणे सुईपेक्षा अवघड गेले. मला मधुमेहही आहे. एरवी १३०च्या आसपास असणारी उपाशीपोटीची साखर दुसऱ्या दिवशी २४०वर गेली आणि सहाव्या दिवशी कुठे खाली आली. त्यामुळे महालक्ष्म्यांचे पुरण मी खुर्चीवर बसून सुनेकडून वाटून घेतले, पण पोळी अर्धीच खाल्ली.

पौषात तोच गुडघा पुन्हा कुरकुरू लागला, आणि बोटेही सकाळी आखडू लागली. या खेपेला इंजेक्शन मी स्वतःहून मागितले. डॉक्टरांनी ते दिले नाही; रक्त तपासून मेथोट्रेक्सेटची मात्रा वाढवली.