साडेतीन किलोमीटरचा फेरा

सोमवार, रात्री साडेनऊ

नोकरी, मुलांची शाळा, घरातली कामं वजा केली की माउंटन बाइक नुकती हातात घेतलेल्या माणसाकडे आठवड्यातून दोन-तीनदा पहाटेचा पाऊण तास उरतो. सायकल गाडीवर बांधून लांब मोले किंवा सत्तरीच्या डोंगरांपर्यंत जाणं त्या पाऊण तासात बसत नाही. म्हणून वाट शोधायची ती घरापासून दहा मिनिटांच्या आत. डांबरी रस्त्याने सावकाश चालवलं तर हे अंतर दोन-अडीच किलोमीटर होतं. नकाशावर घर मध्ये धरून तेवढं वर्तुळ काढायचं. वर्तुळाबाहेरची वाट कितीही देखणी असली तरी ती रविवारची.

गोव्यात हे वर्तुळ सहसा रिकामं जात नाही, कारण इथले सडे. खाली शेत नाहीतर खाजन (खाडीकाठची, बांध घालून राखलेली खारी जमीन), मधल्या उतारावर घरं आणि काजू, वर जांभ्याचा सपाट कातळ. ताळगाव, पर्वरी, वेर्णा, फर्मागुडी या सड्यांवर विद्यापीठ, वसाहती, कारखाने उभे राहिले, तरी कडेच्या उतारांवर जुन्या पायवाटा अजून आहेत. शाळेला, देवळाला, चॅपेलला जाण्यासाठी, गुरं वर नेण्यासाठी, काजू गोळा करण्यासाठी पडलेल्या त्या वाटा. माणसाने आणि गुराने पाडलेली वाट चढाला नागमोडी घेते, आणि नवशिक्याला नेमकं तेच हवं असतं.

मंगळवार, रात्री दहा

उपग्रहचित्र वाचायला सवय लागते, पण गोव्याची माती मदत करते. जांभ्याच्या मातीतली वाट तांबूस रेघ होऊन दिसते. शेजारी-शेजारी दोन रेघा म्हणजे जीप किंवा ट्रॅक्टरचा रस्ता. एकच बारीक, वळणं घेणारी रेघ म्हणजे पायवाट. सरळ उतारावरून खाली जाणारी, तळाशी काळपट होत गेलेली रेघ बहुधा पाण्याचा ओघळ असतो. तिच्या मागे लागायचं नाही.

गूगल अर्थमध्ये जुनी चित्रं पाहता येतात, त्याचा पूर्ण उपयोग करावा. तीन-चार वेगवेगळ्या वर्षांची मार्च-एप्रिलची चित्रं उघडायची. रेघ सगळीकडे असेल तर वाट पक्की. शेवटच्या चित्रात मध्येच सरळ कडांचा चौकोन दिसला आणि एका बाजूला काळी सावली पडलेली असली, तर ती चिऱ्यांची खाण आहे. हे फार महत्त्वाचं आहे. चिरेखाणीची कड उभी कापलेली असते, तिला कठडा नसतो, पावसाळ्यानंतर ती पाण्याने भरलेली असते, आणि सड्यावरच्या गवतात ती चार-पाच मीटरवर येईपर्यंत कळत नाही. नकाशावर अशी प्रत्येक खाण लाल ठिपक्याने नोंदवून ठेवायची, आणि तिच्याजवळून जाणारी वाट रद्द.

त्यानंतर स्ट्राव्हाचा हीटमॅप. स्ट्राव्हा हे फेऱ्या नोंदवायचं ॲप, आणि लोकांच्या नोंदी जिथे जास्त तिथे त्याच्या नकाशावर रेघ उजळते. शहराजवळच्या वाटा त्यात उजळ दिसतात, गावाकडच्या जवळजवळ दिसत नाहीत. म्हणून हीटमॅपवर रेघ नाही एवढ्यावरून वाट नाही असं समजू नये. पोदेर काही फोनवर नोंद करत पाव विकत फिरत नाही. ओपनस्ट्रीटमॅप या कोणालाही भर घालता येणाऱ्या नकाशावर काही वाटांना अवघडपणाचा आकडा दिलेला असतो. 0 आणि 1 नवशिक्याचे, 2 पासून पुढे थांबून शिकायचे.

आणखी एक खूण: पाण्याची टाकी. गावाच्या डोंगरावर टाकी, खुरीस (क्रूस), देऊळ किंवा मोबाइलचा मनोरा असला की तिथवर वाहन जाईल असा रस्ता असतोच. चढ त्या रस्त्याने करायचा आणि उतरायला पायवाट शोधायची. पायवाटेने चढायचा हट्ट पहिल्या दोन महिन्यांत करू नये. दम सगळा चढातच जातो आणि उतरताना हात थरथरतात.

बुधवार

आज फक्त हिशोब. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 नकाशावर दोन समोच्च रेषांमध्ये, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमध्ये, 20 मीटरचा फरक असतो. रस्त्यापासून सड्याच्या कडेपर्यंत तीन रेषा ओलांडल्या की साधारण 60 मीटरचा चढ. तो एक किलोमीटरमध्ये असेल तर सहा टक्के. मुरमावर नवशिक्या हा चढ ताशी सात-आठ किलोमीटरने, म्हणजे आठ मिनिटांत चढतो. वर दीड किलोमीटर सपाट, आणखी आठ मिनिटं. उतार एक किलोमीटर, चार मिनिटं. झाला साडेतीन किलोमीटरचा, वीस मिनिटांचा फेरा. घरून जाऊन-येऊन वीस मिनिटं धरली तर एक फेरा पाऊण तासात आरामात बसतो, आणि सुट्टीच्या दिवशी तोच तीनदा मारता येतो. तीच वाट पुन्हा पुन्हा चालवण्याचा फायदा मोठा आहे. कुठल्या वळणावर किती वेग चालतो हे एकाच वाटेवर दहा दिवस काढले की अंगात मुरतं.

चढ दहा टक्क्यांच्या वर गेला, म्हणजे 200 मीटरमध्ये एक रेषा ओलांडली जात असली, तर तो तुकडा सायकल ढकलत नेण्याचा समजावा.

गुरुवार, पहाट

नवी वाट पहिल्यांदा पायी चालायची. याला पर्याय नाही. चालताना बघायच्या गोष्टी चार: तारा, गडगे (चिऱ्यांचे बांध), पायऱ्या आणि माणसं.

तारा सगळ्यांत धोक्याच्या. रानडुकरांपासून बागायत वाचवायला सौर कुंपण घालतात, त्याची बारीक तार पहाटेच्या उजेडात दिसतच नाही आणि ती नेमकी गुडघा ते छातीच्या उंचीवर असते. जमिनीचा ताबा बदलला की कालपर्यंत मोकळ्या वाटेवर आज काटेरी तार येते. म्हणून ओळखीच्या वाटेवरही दिवसाचा पहिला फेरा हळू. पडलेला गडगा पावसाळ्यानंतर वाटेवर चिरे टाकून ठेवतो. देवळाकडे उतरणाऱ्या जुन्या वाटांना कधी कधी चिऱ्यांच्या पायऱ्या असतात, तिथे उतरून सायकल खांद्यावर घ्यावी.

आणि माणसं. काजूच्या भाटात, म्हणजे बागेत, कोणी दिसलं की सायकल थांबवून, हेल्मेट काढून विचारायचं, "काका, ही वाट खंय वता?" समोरचा कोकणीत सांगेल, मराठीत सांगेल, पण सांगेल. "फुडें गडगो आसा" असं उत्तर आलं तर अर्धा तास वाचला. जमीन भाटकाराची (जमीनमालकाची) की कोमुनिदादीची (गावाच्या सामायिक संस्थेची), जायला हरकत आहे का, हेही त्याच वेळी विचारून घ्यावं. काजूच्या हंगामात, फेब्रुवारीअखेर ते मे, खाली पडलेली बोंडं गोळा करायला माणसं झाडांखाली वाकलेली असतात आणि वाटेवरही बोंडं पडलेली असतात. त्या महिन्यांत भाटातून जाऊच नये, टाकीच्या रस्त्याने उतरावं. फाटक उघडलं तर आपल्यामागे लावायचं, नाहीतर गुरं आत शिरतात आणि उद्यापासून ती वाट सगळ्यांना बंद होते.

राखणदाराची, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाची, घुमटी किंवा देवराई लागली तर उतरून चालत पुढे जावं. देवराईच्या आत चाक घालायचं नाही.

मोलेचं राष्ट्रीय उद्यान आणि बोंडला, खोतीगाव, नेत्रावळी, म्हादई ही अभयारण्यं यांचं गणित वेगळं. 1972 च्या वन्यजीव कायद्यानुसार तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय प्रवेश नाही. पाऊण तासाच्या फेऱ्यासाठी तिकडे वळण्याचं कारणही नाही.

शुक्रवार, रात्री

टायरमधली हवा. नवशिक्याची निम्मी भीती इथून येते असं माझं ठाम मत आहे. दुकानात हवा बऱ्याचदा 50-60 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरून देतात, डांबरी रस्त्याला सायकल हलकी वाटते म्हणून. सड्यावर तोच टायर दगडासारखा होतो, प्रत्येक चिऱ्यावर उसळतो, जमीन धरत नाही.

70 किलो वजनाचा माणूस, 29 इंची चाक, 2.25 इंच रुंद टायर, आत ट्यूब: पुढे 26, मागे 29 पीएसआयपासून सुरुवात करावी. वजन पाच किलो जास्त असेल तर दोन्हीकडे एक-एक वाढवावा. अंगठ्याने दाबून अंदाज घेऊ नये, काटा असलेला पंपच हवा. मग चाचणी: मूठभर उंचीच्या चिऱ्याच्या कडेवरून सायकल सावकाश न्यायची. ठक् असा आवाज आला, रिम दगडाला लागली, तर दोन पीएसआय वाढवायचे.

हवा फार कमी झाली की ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटली जाते. ट्यूब बाहेर काढली तर शेजारी-शेजारी दोन भोकं दिसतात, साप चावल्यासारखी. एकच बारीक भोक असेल तर काटा, आणि सड्यावर बहुतेक वेळा तो करवंदीचा. असा काटा टायरच्या आत अर्धा तुटून राहतो. म्हणून नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून जुन्या कापडाचा तुकडा फिरवायचा, जिथे कापड अडकेल तिथे काटा. बोट फिरवलं तर बोट फाटतं. पॅच लावताना घाई होते आणि तो निघतो: ट्यूब घासायची, रबर सोल्युशनचा पातळ हात द्यायचा, चकाकी जाईपर्यंत चार-पाच मिनिटं थांबायचं, मगच पॅच दाबायचा.

सोबत घ्यायचं: एक ट्यूब, दोन टायर लिव्हर (टायर उचकटायच्या पट्ट्या), पंप, 4-5-6 मिलिमीटरच्या षटकोनी चाव्या, साखळीची जोडकडी, एक लिटर पाणी. फोनमध्ये नकाशा आधीच उतरवलेला असावा. उताराच्या घळीत नेटवर्क जातं.

शनिवार, सकाळी आठ

सड्यावरचा मुरूम ओंजळीत घेऊन बघावा. मसुराच्या दाण्यापासून बोराएवढे खडे, बरेचसे गोल, वरून तपकिरी आणि गुळगुळीत. कातळावर हे पसरलेले असतात आणि चाकाखाली छर्ऱ्यांसारखे फिरतात. वाट बघायला आल्यावर बूट टेकवून थोडा जोर द्यायचा. पाऊल चार बोटं सरकलं तर या तुकड्यावर ब्रेक सरळ रेषेतच लावायचा. वळणात पुढचा ब्रेक दाबला की चाक बाहेर सरकतं आणि माणूस आतल्या बाजूला, कोपरावर पडतो. बहुतेक पहिली पडझड अशीच होते. वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात बोटं सैल, नजर वळणाच्या शेवटाकडे.

उताराआधी सीट तीन-चार सेंटिमीटर खाली घ्यावी. सीटच्या दांड्याला चढाच्या उंचीवर टेपची खूण केली की परत वर घ्यायला दहा सेकंद पुरतात. पेडल दोन्ही समान उंचीवर, टाचा किंचित खाली, बसकण सीटवरून उचललेली. डांबरी रस्त्यावर पुढच्या फोर्कचं, म्हणजे चाकाचे झटके झेलणाऱ्या दांड्यांचं, लॉक लावलं असेल तर ते इथे उघडायचं. लॉक लावूनच उतरणारे आणि मनगटं दुखतात म्हणणारे पुष्कळ.

दगड हाताने बाजूला करू नयेत. जांभ्याच्या सड्यांवर फुरसं असतं आणि ते दगडांच्या फटीत बसतं. चावलं तर धावपळ न करता 108 ला फोन, हातातल्या अंगठ्या-घड्याळ काढून ठेवायचं, जखमेवर चीर देणं किंवा आवळून बांधणं नाही. फोंडा, डिचोली, सत्तरीच्या बाजूला पहाटे गवाही दिसतो. अंतर ठेवून थांबायचं, तो गेल्यावर जायचं. घंटी वाजवायची नाही.

रविवार

चढाचा कंटाळा असेल त्या दिवशी खाजनाचा बांध. दिवाडी किंवा चोडणला फेरीबोटीने सायकल नेता येते आणि बांधांवर चढ शून्य. पण बांध मातीचे असतात, खेकड्यांच्या बिळांनी काठ पोकळ झालेले. चाक मध्यावर ठेवायचं, मानशीजवळ (बांधातल्या पाण्याच्या दाराजवळ) जाळी लावलेली असतात तिथे उतरायचं. घरी आल्यावर साखळी, ब्रेकची चकती, स्पोक गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, साखळीला तेल. खारा चिखल एक रात्र तसाच राहिला तर साखळीवर सकाळी तांबूस गंज दिसतो. तेल चकतीवर उडू द्यायचं नाही. पॅडला तेल लागलं की ब्रेक ओरडतो आणि धरत नाही, मग पॅड बदलावेच लागतात.

सोमवार, रात्री

कधी जायचं, याची नोंद राहिली होती. जून ते सप्टेंबर सड्याला हात लावू नये. कातळावर शेवाळ धरतं, आणि श्रावण-भाद्रपदात त्याच कातळाच्या चिमूटभर मातीत रानफुलं येतात. एका चाकाच्या रेघेने ती मुळासकट निघतात. चवथीनंतर गवत कमरेएवढं असतं, त्यात खड्डा दिसत नाही. नोव्हेंबरमध्ये गवत वाळून आडवं पडतं आणि तिथून फेब्रुवारीपर्यंत उत्तम काळ. डिसेंबरात सूर्य सातच्या जरा आधी उगवतो, म्हणून पावणेसातच्या आधी पायवाटेवर शिरू नये, शिरायचंच तर हेल्मेटवर दिवा. अवकाळी पाऊस पडला तर दोन दिवस सोडायचे. चाकाची खूण बोटाच्या पेरापेक्षा खोल उमटत असेल तर परत फिरायचं, कारण त्याच खुणेतून पुढचं पाणी वाहतं आणि पायवाटेचा ओघळ होतो.

सापडलेली वाट नोंदवण्याबद्दल माझं मत पक्कं आहे. टाकीचा रस्ता, सार्वजनिक पायवाट, खुशाल ओपनस्ट्रीटमॅपवर घालावी, पुढच्या नवशिक्याचे चार दिवस वाचतील. पण काजूच्या भाटातून जाणारा दोनशे मीटरचा तुकडा भाटकाराला विचारल्याशिवाय कुठल्याच ॲपवर उघडा ठेवू नये. स्ट्राव्हामध्ये ती नोंद फक्त स्वतःपुरती ठेवता येते. तो 'हो' म्हणाला तर किती सायकली चालतील, कोणत्या महिन्यांत नको, हेही विचारून लिहून ठेवावं, आणि मेमध्ये बोंडांचा हंगाम संपल्यावर पुन्हा एकदा भेटून यावं.