"मंग सुई लावता येते का तुले?"

बायोमेडिकलला नेमकं काय शिकतात, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. बारावीचा निकाल लागला की नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी दरवर्षी दोन-चार आईबाप येतात. मुलगी नाहीतर मुलगा मागं उभा असतो. प्रश्न ठरलेला: "ताई, तुम्ही ते बायोमेडिकल केलं ना? म्हणजे डॉक्टर नाही, नर्स नाही. मग नेमकं काय?" मी प्रवेश घेतला तेव्हा माझ्या आजीनंही हेच विचारलं होतं, तिच्या भाषेत: "मंग सुई लावता येते का तुले?"

नागपुरात घोळ व्हायला आणखी एक कारण आहे. इथं 'मेडिकल' म्हणजे एक तर औषधाचं दुकान, नाहीतर मेडिकल चौकातलं सरकारी रुग्णालय. माझं 'बायोमेडिकल' यातलं काहीच नव्हतं. खरं तर माझ्या मार्कशीटवर तसा शब्दही नाही. दिल्ली विद्यापीठाच्या काही कॉलेजांत बायोमेडिकल सायन्स या नावानं ऑनर्सची पदवी मिळते. मी इथंच बी.एस्सी. केलं, गट होता रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि जैवरसायनशास्त्र. अभ्यासाचा गाभा मात्र तोच: आजारी माणसाच्या आत, पेशीत आणि रेणूत, काय बिघडलं ते शोधायचं. बायोमेडिकल इंजिनीअरिंग वेगळं, त्यात यंत्रं बनवतात आणि सांभाळतात. डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, तोही वेगळा.

पहिलं वर्ष मला जड गेलं, ते उन्हाळ्यामुळं. पुस्तकात लिहिलेलं असायचं, 'प्रयोग खोलीच्या तापमानाला करा.' पुस्तक लिहिणाऱ्याची खोली पंचवीस अंशांची असणार. आमच्या प्रयोगशाळेत एप्रिलच्या दुपारी बेचाळीस असायचं. पेट्री डिशमध्ये ओतलेलं अगार, म्हणजे जिवाणू वाढवायची जेली, घट्ट व्हायला जिवावर यायचं, कारण ते चाळिशीच्या खाली उतरल्यावरच नीट बसतं. इनक्युबेटर, म्हणजे जिवाणू वाढवायची उबदार पेटी, सदतीसवर लावलेला आणि काटा एक्केचाळीसवर. तो पेटीला गरम करू शकतो, थंड करू शकत नाही. बाहेरच जास्त ऊन असेल तर तो काय करणार? कूलर लावावा तर वाऱ्याबरोबर येणारी धूळ आणि ओल डिशमध्ये बुरशी घेऊन यायची. शेवटी आम्ही सकाळी सातला येऊन अगार ओतायला लागलो. एन्झाइमच्या प्रयोगात तर प्रत्येक मोजमापाशेजारी त्या क्षणाचं तापमान लिहायचं, हा मॅडमचा नियम होता. तेव्हा कंटाळा यायचा. आज मला वाटतं, विज्ञानाची पहिली खरी शिस्त मला त्या रकान्यानं लावली.

दुसऱ्या वर्षी सिकलसेल आला, म्हणजे तांबड्या पेशी इळ्यासारख्या वाकड्या करणारा, आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. विदर्भात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. आदिवासी समाजांत आणि इतरही कितीतरी समाजांत घरटी नसला तरी गावोगाव तो माहीत असतो. मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल शुक्ला आणि सोळंकी यांचा लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १९५८ साली आला होता, म्हणजे आमच्या भागाची ही ओळख जुनीच. पण मी तो पाहिला सूक्ष्मदर्शकातून. काचपट्टीवर रक्ताचा थेंब, त्यात सोडियम मेटाबायसल्फाइटचा थेंब, वर कव्हरस्लिप आणि कडांना व्हॅसलीन, म्हणजे हवा आत जात नाही. आतला ऑक्सिजन संपत जातो. सुरुवातीला सगळ्या पेशी गोल होत्या. मग एक लांबट झाली, मग दुसरी, आणि अर्ध्या तासानं अख्ख्या वर्तुळात इळ्याची पाती पसरल्यासारखं दिसत होतं. मी डोळा बाजूला घेईना, मागच्या मुली ओरडायला लागल्या.

कारण इतकं बारीक आहे की पहिल्यांदा ऐकल्यावर पटत नाही. हिमोग्लोबिनची बीटा साखळी १४६ अमिनो आम्लांची. तिच्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, बाकी १४५ जशीच्या तशी. व्हॅलिनला पाण्याचा शेजार नको असतो, म्हणून ऑक्सिजन सुटला की ते शेजारच्या रेणूच्या खाचेत जाऊन बसतं. रेणूला रेणू लागून लांब दोर तयार होतात आणि पेशी आतून ताणली जाते. एरवी १२० दिवस जगणारी तांबडी पेशी इथं दहा-वीस दिवसांतच फुटते. ग्लुटामिक आम्लावर ऋण विद्युतभार असतो, व्हॅलिनवर नसतो. म्हणून विजेच्या प्रवाहात हे हिमोग्लोबिन वेगळ्या वेगानं सरकतं. रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली हेच दाखवलं, आणि एखादा आजार रेणूचा असू शकतो ही गोष्ट पहिल्यांदा मांडली गेली.

आता जे सांगते ते सहसा सांगत नाही. तिसऱ्या वर्षी आम्ही नागपूर जिल्ह्यातल्या देवलापारकडच्या एका आश्रमशाळेत तपासणीच्या शिबिराला गेलो. काम सोपं होतं: नळीत सोडियम डायथायोनाइटचं द्रावण, त्यात बोटातलं थोडं रक्त, आणि नळीच्या मागं काळ्या रेघांचा कागद. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह. द्रावण गढूळ होऊन रेघा गेल्या तर पॉझिटिव्ह. आठवीतल्या एका मुलीची नळी गढूळ झाली. मी यादीवर खूण करता करता मैत्रिणीला मोठ्यानं म्हणाले, "ही पॉझिटिव्ह." मुलीची आई दारातच उभी होती. ती आत आली आणि माझा हात धरून म्हणाली, "जगन का वो माही पोरगी?"

चूक नुसत्या मोठ्या आवाजाची नव्हती. ही चाचणी रोगी आणि वाहक, म्हणजे एकाच पालकाकडून दोष आलेला पण स्वतः आजारी नसलेला, दोघांनाही पॉझिटिव्हच दाखवते. एस, म्हणजे ते बिघडलेलं हिमोग्लोबिन आहे, एवढंच ती सांगते. एका पालकाकडून आलं की दोघांकडून, हे तिला कळत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात तर ती आजार असूनही फसू शकते, कारण त्याच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन अजून भरपूर असतं. हे सगळं मी परीक्षेत पाच मार्कांना लिहिलेलं होतं. त्या बाईसमोर मात्र मला एक वाक्य सुचलं नाही. मॅडम पुढं आल्या, तिला खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "अजून काहीच ठरलं नाही, बाई. पुढची तपासणी बाकी आहे."

तीन आठवड्यांनी इलेक्ट्रोफोरेसिसचा, म्हणजे विजेच्या प्रवाहात हिमोग्लोबिन वेगळं करणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट घेऊन आम्ही परत गेलो. पट्टीवर दोन रेघा होत्या, नेहमीच्या हिमोग्लोबिनची ए आणि बिघडलेल्याची एस. मुलगी वाहक होती, आजारी नव्हती. मी फळ्यावर खडूनं त्या दोन रेघा काढल्या. ही चांगली, ही आईकडून किंवा बापाकडून आलेली. पुढं नवराही वाहकच असेल, तर दर गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता चारात एक. म्हणून लग्नाआधी त्याचंही रक्त बघायचं. आई फळ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मंग माहं अन् इच्या बापाचं बी रगत पाहा. लहाना पोरगा घरी हाय." आणि तिनं बाही वर सारली.

आजीच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथं मिळालं. सुई डॉक्टर लावतील, औषध तेच देतील. पण चाचणी काय बोलते आणि कुठं गप्प बसते, हे ओळखणारं माणूस लागतं, आणि त्याला घडायला ही तीन-चार वर्षं लागतात. १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य होतं. एवढ्या नळ्यांकडं समजून बघणारे डोळे कुठून येणार, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आता व्यवहाराचं. नुसत्या बी.एस्सी.वर पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर सही करता येत नाही. तो अधिकार पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांचा. लगेच नोकरी हवी असेल तर लॅब टेक्निशियनचा कोर्स जास्त सरळ आहे, हे मी दारात आलेल्या प्रत्येकाला आधी सांगते. या वाटेनं जायचं तर एम.एस्सी. धरूनच चला, आणि संशोधनाची ओढ असेल तर त्यापुढं नेट ही पात्रता परीक्षा आणि पीएच.डी. घरची ओढाताण असेल तर हे इतक्या वर्षांचं गणित मुलीसमोर मोकळेपणानं मांडा. डॉक्टरकीच्या प्रवेशाची 'नीट' परीक्षा हुकली म्हणून रडत रडत येणाऱ्या मुलांना मी घाई करू देत नाही. डॉक्टरच व्हायचंय अशी आतून आग असेल तर पुन्हा परीक्षा द्यावी. इथं 'का' विचारत बसणारं मूल रमतं.

आणि कॉलेज निवडताना माहितीपत्रकावर जाऊ नका. प्रॅक्टिकल चालू असताना दुपारी जाऊन या. एकच मुलगी प्रयोग करत असेल आणि चार मुली भिंतीला टेकून तिच्याकडं बघत असतील तर दुसरं कॉलेज पाहा. प्रत्येकीच्या हातात पिपेट, म्हणजे द्रव मोजून घ्यायची नळी, दिसली, तर त्याच दिवशी फॉर्म भरा.